पाव फेरा

मिस्त्रीने दोन्ही वस्तू बाकावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि हात पुसत तो बाजूला झाला. पुढचं भांडण घरच्यांनी आपसात मिटवावं, आपण मध्ये पडायचं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डावीकडे ट्रकचा जुना कार्ब्युरेटर होता, खोलून, धुऊन, नवं पॅकिंग घालून पुन्हा जोडलेला. उजवीकडे पुठ्ठ्याच्या खोक्यात फ्युएल इंजेक्शनचा अख्खा संसार पसरला होता. पेट्रोल फवारणारा एक चकचकीत भाग, नवा पंप, वायरींचं जाळं, सायलेन्सरच्या पाइपात बसवायचा सेन्सर आणि साबणाच्या डबीपेक्षा जरासा मोठा असा एक काळा डबा.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डब्याकडे बोट दाखवलं.

"हे काय? रेडिओ?"

"काका, हा त्याचा मेंदू." मिस्त्री त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला.

"मेंदू मला आहे. गाडीला कशाला पाहिजे?"

मिस्त्री हसला. चिमणी हसली नाही. चिमणी म्हणजे बाबांची मुलगी. हे नाव तिला पाळण्यात असताना शोभलं असेल. आता ती चाळिशी ओलांडलेली, दंडात भरलेली बाई होती, दाराएवढी काच एकटी उचलून भिंतीला टेकवायची, आणि काचेचं दुकान सगळं तिच्या जिवावर चालायचं. गिऱ्हाईकं तिला अदबीने ताई म्हणत. बाबांच्या तोंडी मात्र ती चिमणीच राहिली होती. त्यातही तिचा मान दुसरा. पहिला मान ट्रकचा. तो तिच्या जन्माच्या आधीपासून घरात होता, म्हणून कुणी पाहुणा आला की बाबा आधी ट्रककडे हात करून सांगायचे, "ही आमची थोरली," आणि मग चिमणीकडे बघून, "आणि ही धाकटी." लहानपणी चिमणीला याचा इतका राग यायचा की तिने एकदा थोरलीच्या टायरला चावून बघितलं होतं.

आता प्रश्न थोरलीच्याच जिवाचा होता. गावाबाहेरच्या टेकडीवर नवी शाळा उभी राहत होती आणि तिच्या सगळ्या खिडक्यांच्या काचांचं काम चिमणीला मिळालं होतं. एवढं मोठं काम दुकानाला कधी मिळालं नव्हतं. ट्रकच्या हौद्यात फेल्ट लावलेली तिरकी लाकडी चौकट असते, तिला काचा उभ्या टेकवायच्या, पट्ट्याने आवळायच्या आणि पाळण्यातलं मूल झोपलंय अशा बेताने गाडी न्यायची. पण पहिल्याच खेपेला अर्ध्या चढावर थोरली खोकली, ठसकली, तिने दोन हिसके दिले आणि एक मोठी काच फुटली. शाळा बांधणाऱ्या ठेकेदाराने आवाज चढवला नाही. तो एवढंच म्हणाला की पुढच्या खेपेलाही असंच झालं तर तो दुसरा काचवाला बघेल.

म्हणून चिमणीला इंजेक्शन हवं होतं. बाबांना नको होतं. आणि ट्रक बाबांचा होता.

"पेट्रोल वाचेल, बाबा," ती त्यांच्याकडे तोंड करून, शब्द सुटे सुटे करत म्हणाली. "थंडीत एका चावीत चालू होईल. चोक ओढत बसायला नको."

"चोक ओढायला कधी हात दुखले तुझे?" बाबांनी कार्ब्युरेटर उचलून तळहातावर घेतला. "हा बंद पडला तर मी रस्त्याकडेला दगडावर बसून खोललाय. फुंकर मारून साफ केलाय आणि गाडी घरी आणलीय. या डब्याला फुंकर मारून दाखव बरं."

"काका, तो बंद पडला तर मला फोन करायचा," मिस्त्री म्हणाला.

"आणि तू बंद पडलास तर?"

मिस्त्री पुन्हा हसला. चिमणीकडे खरं कारण होतं, पण ते तोंडातून काढणं तिच्या जिवावर आलं होतं.

कार्ब्युरेटरमध्ये काही खोट नव्हती. खोट बाबांच्या कानात होती.

रविवार सकाळ म्हणजे थोरलीचं ट्यूनिंग, हा त्या घरातला कायदा होता. मागच्या अंगणात ट्रक उभा असायचा. इंजिन चांगलं तापू द्यायचं, बॉनेट उघडायचं आणि कार्ब्युरेटरच्या अंगाला असलेला पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू आधी भरपूर सैल करायचा. स्क्रू बाहेर आला की पेट्रोल जास्त, आत गेला की कमी. मग तो थोडा थोडा आत घेत जायचा आणि ऐकायचं. चिमणी शाळेत जायला लागायच्या आधीपासून मडगार्डवर बसून हे बघत आलेली. फ्रॉकमधून पत्र्याची ऊब लागायची, गरम पेट्रोलचा वास यायचा आणि बाबा म्हणायचे, "डोळे मीट. सांग, हिला भूक लागलीय की अजीर्ण झालंय?"

"अजीर्ण!" चिमणी ओरडायची.

बाबा स्क्रू जरा आत घ्यायचे. "आता?"

"अजून थोडं अजीर्ण."

"आता?"

"आता... आता हिला झोप लागणार."

आणि खरंच त्या क्षणी इंजिन असं एकसारखं, गुणी बाळासारखं घुमायला लागायचं की बाबा स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून तिला उचलून खाली ठेवायचे. आईची पोळपाटावरची खटखट, शेजारच्यांचा रेडिओ, रस्त्यावरची पोरं, सगळ्यांच्या खालून तो आवाज चालू असायचा. पुढे चिमणीचा कान इतका तयार झाला की गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की ती घरातून सांगायची, कुणाची आहे आणि तिचं काय दुखतंय. आयुष्यात तिला सुख कशाला म्हणतात असं कुणी विचारलं असतं, तर तिने तो रविवारचा आवाज सांगितला असता.

मग बाबांचे कान हळूहळू गेले. आधी टेलिफोनची घंटा गेली. मग आईची हाक गेली, अर्थात आईच्या मते ती लग्नानंतर लगेचच गेली होती. कानात घालायचं यंत्र आणलं, ते आणल्या दिवसापासून कपाटात झोपलेलं. आणि रविवारचं ट्यूनिंग बिघडायला लागलं. बाबा स्क्रू फिरवायचे, मान वर करायचे, पुन्हा फिरवायचे आणि मध्येच थांबून म्हणायचे, "जमलं ना?" आवाज जड, लोळत असलेला, ढेकर दिल्यासारखा. सायलेन्सरमधून काजळी. चिमणीला साफ कळायचं की पेट्रोल जास्त होतंय. तरी ती तोंडभर हसून म्हणायची, "जमलं, बाबा."

बाबा आंघोळीला गेले की ती चोरासारखी बॉनेट उघडायची आणि स्क्रू पाव फेरा आत घ्यायची. बरोबर पाव. दर रविवारी तेवढाच.

"झाला का तुझा पाव फेरा?" खिडकीतून आई विचारायची. तारेवरच्या पांढऱ्या चादरींवर काजळी बसायची म्हणून आईचं या बाबतीत चांगलंच लक्ष होतं. "सांगून टाक एकदा त्यांना. तुला जमत नसेल तर मी सांगते."

"आई, तू काही बोलायचं नाहीस."

काय सांगणार? हात थरथरायला लागले तेव्हा बाबांनी काच कापायची हिरकणी स्वतः तिच्या हातात दिली. लांबचं नीट दिसेना तेव्हा ट्रकची चावी दिली. कुरकुर केली नाही. उरला होता हा एक स्क्रू. तोही कुणी हातातून काढून घ्यायचा, आणि तो आपण, हे चिमणीला सहन होण्यासारखं नव्हतं. एरवी पाव फेऱ्यात भागत होतं, पण हल्ली बाबांना रविवार पुरेना. मधल्या वारीही, गाडी निघायच्या आधी, ते "जरा बघतो" म्हणून बॉनेट उघडायचे आणि पाव फेऱ्याला वेळच उरायचा नाही. त्या दिवशी टेकडीवर काच फुटली ती अशीच. काळा डबा बसला असता तर स्क्रूच राहिला नसता आणि बाबांचे कान गेले हे कुणाला बोलायची वेळ आली नसती. तिचा सगळा बेत एवढाच होता.

"खरं कारण सांग," बाबा बाकापाशी म्हणाले. "पेट्रोल आणि थंडी सोडून."

चिमणी खोक्यातल्या वायरी सरळ करायला लागली.

"नाही ना कारण? मग बसव रे जुनाच," बाबांनी मिस्त्रीला कार्ब्युरेटर दिला. "आणि पुढच्या खेपेला मी येतो बरोबर. काच गाडीने फोडली की तुझ्या क्लचने, ते मला बघू दे."

दुसऱ्या खेपेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या शेजारी बसले. चिमणीने पहाटेच स्क्रू जागेवर आणून ठेवला होता आणि थोरली रस्त्याने अशी चालली होती की मागे काचा आहेत हे विसरायला व्हावं. टेकडीच्या पायथ्याशी बाबांनी हात वर केला.

"थांब. चढाच्या आधी एकदा ऐकून घेतो."

चिमणीने त्यांची बाही धरली. "बाबा, ठीक आहे ती."

पण बाबा उतरलेही होते. इंजिन चालू ठेवून तीही उतरली. बॉनेट उघडलं, स्क्रू भरपूर सैल केला, मग थोडा थोडा आत. मान वर, तिच्याकडे नजर, पुन्हा खाली. भर उन्हात टक्कल चमकत होतं, पाठ वाकली होती. थरथरता हात स्क्रूची खाच शोधताना तीनदा घसरला. चिमणीला ते बघवेना. कधी एकदा हे संपतंय आणि बाबा सावलीत बसतात, असं तिला झालं.

"जमलं!" ती हसून म्हणाली. "मस्त जमलं, बाबा."

बाबा समाधानाने बॉनेट लावून आत बसले. आता ते शेजारी होते आणि आंघोळीला कुठे जाणार नव्हते. चिमणीने जीव मुठीत धरून गाडी चढाला घातली.

दुसऱ्याच वळणावर थोरली ठसकली. चिमणीने पाय हलका केला, पुन्हा दाबला. गाडीने एक हिसका दिला, मग आणखी एक, आणि मागून तो आवाज आला, जो काचवाल्यांना झोपेतही ओळखू येतो. इंजिन बंद पडलं.

तिने हँडब्रेक ओढला, उतरून चाकामागे दगड लावला आणि हौद्यात चढली. एक काच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. बाकीच्या वाचल्या होत्या. ती खाली उतरली तेव्हा बाबा हौद्याच्या फळीला धरून उभे होते. त्यांनी फुटलेली काच बघितली आणि मग तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, कोड्यात पडल्यासारखं.

"पण तू तर हसली होतीस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"खाली. मी फिरवत होतो आणि तू हसलीस. म्हणून मी थांबलो."

चिमणीला काही उमजेना. बाबांनी तिच्या दंडाला धरून तिला गाडीच्या सावलीत घेतलं.

"मला ऐकू येत नाही, चिमणे. माणसं बोललेली थोडी येतात, इंजिनचा आवाज कधीच बंद झाला. हे मला कळणार नाही असं वाटलं का तुला? मी तुझ्या तोंडाकडे बघून स्क्रू फिरवतो. तू मडगार्डवर बसायचीस ना, तेव्हापासून तुझं तोंड तसंच आहे. आवाज चुकला की भुवई चढते. जमला की सगळं निवळतं. ते निवळलं की मी थांबतो. म्हणून तर मला हा कार्ब्युरेटर हवा. दोघांच्या हाताने चालतो तो."

चिमणी फुटबोर्डवर बसली. स्क्रू बाहेरून आत येत असायचा. बाबा तिच्या तोंडाची वाट बघत असायचे. आणि ती, त्यांच्या पाठीची दया येऊन, दर वेळी थोडी आधीच हसायची. तो पाव फेरा त्यांच्या कानांचा नव्हताच. तो तिचाच होता.

"बाबा," ती उठून त्यांच्या कानापाशी म्हणाली, "मी जमायच्या आधीच हसत होते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून. आणि तुम्ही आत गेलात की मी तो परत बसवत होते."

"दर रविवारी?"

तिने मान डोलावली.

बाबा चाकामागच्या दगडाकडे बघत राहिले. "मला वाटायचं आपण दोघं मिळून करतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला की चिमणीला आपल्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तिने कुणाची फसवणूक केली नव्हती, उलट जपलं होतं, जिवापाड जपलं होतं. आणि ज्याला जपलं तोच एकटा पडला होता.

मग बाबांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

"चालू कर. आणि आता खोटं हसलीस तर याद राख."

तिने चोक न लावता, पाय दाबून धरून, कसंबसं इंजिन चालू केलं आणि ती मडगार्डला टेकून उभी राहिली. बाबांनी स्क्रू सैल केला. तिने तोंड वाकडं केलं. त्यांनी आत घेतला. वाकडंच. अजून आत. तिने फक्त अर्धी भुवई ठेवली. बाबांचे डोळे तिच्या चेहऱ्यावरून हलत नव्हते, खाच बोटांनीच सापडत होती. उन्हाने दोघांना घाम फुटला होता. स्क्रू जरा जास्तच आत गेला आणि इंजिनला भूक लागली, तशी तिची भुवई टुणकन वर गेली. बाबांनी तो केसभर मागे घेतला. मग तो आवाज आला. एकसारखा, भरलेला, झोप लागणारा. चिमणीला मुद्दाम काही करावं लागलं नाही. तोंड आपोआप निवळलं आणि बाबा थांबले.

त्यांनी तळहात बॉनेटखालच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटले. असा सुखावलेला बाप तिने किती वर्षांत बघितला नव्हता.

थोरली उरलेला चढ एका दमात चढली. ठेकेदाराने काचा मोजून घेतल्या, फुटलेल्या काचेवर नाक मुरडलं आणि दुसऱ्या काचवाल्याची आठवण करून देत म्हणाला, एवढी एक संधी देतो, यापुढच्या सगळ्या सुखरूप आल्या तर माझं काही म्हणणं नाही. परतताना गाडी रिकामी होती आणि चिमणी हलकी झाली होती.

"मिस्त्रीला तो डबा परत नेऊ दे," ती उतारावर म्हणाली, बाबांना दिसावं म्हणून त्यांच्याकडे वळून. "आता आपल्याला जमलंय."

बाबा समोर बघत होते. "नको. बसव त्याचा डबा."

"का? आत्ता तर किती छान..."

"आज तू खरं तोंड केलंस, कारण काच फुटली होती. पुढच्या रविवारी माझी पाठ दुखेल. तू परत हसशील." त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "तुला जमायचं नाही, चिमणे. स्वभाव आहे तुझा. आणि शाळेच्या काचा तुझ्या स्वभावावर वर न्यायच्या नाहीत."

"बाबा..."

"आणि उद्या तुझे कान गेले, तर तू कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

चिमणीने रस्त्याकडे बघितलं. तिला मूलबाळ नव्हतं आणि हा प्रश्न आजवर घरात कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता.

मिस्त्रीने काम केलं, चांगलं केलं. कार्ब्युरेटर उतरवून त्याच्या जागी नवा भाग बसला, टाकीपाशी पंप बसला, पाइपात सेन्सर. तो धुराचा अंदाज घेऊन डब्याला कळवतो आणि डबा पेट्रोल मोजून सोडतो, कुणी ऐकायला नको, कुणी बघायला नको, असं मिस्त्री आईलाही समजावून सांगत होता. आईला चादरींपुरतं समजलं आणि तेवढ्यावर ती खूश झाली.

"करा, ताई," मिस्त्रीने चावी चिमणीच्या हातात दिली.

थोरली एका चावीत चालू झाली. खोकली नाही, ठसकली नाही. क्षणभर तिने आवाज वर नेला, आपणच खाली आणला आणि ती घुमायला लागली. चिमणी खाली उतरून मडगार्डपाशी आली. तिने ऐकलं. बरोबर होतं. भूक नाही, अजीर्ण नाही, केसभरही इकडेतिकडे नाही. बाबांनी त्यांच्या चांगल्या दिवसांत कधी जमवलं असेल, त्याहून चांगलं जमलं होतं. आणि पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्या रविवारी, ते असंच जमलेलं असणार होतं. तिचे डोळे भरून आले.

बाबा सवयीने पलीकडे उभे होते, रिकामे हात पाठीमागे बांधून. ते तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"अरे, बंद कर, बंद कर!" ते मिस्त्रीवर ओरडले. "काहीतरी चुकतंय."

"काका, एकदम बरोबर चाललीय."

"तुला काय कळतंय? हिचं तोंड बघ!"

चिमणी गाडीला वळसा घालून त्यांच्यापाशी गेली आणि तिने तोंड त्यांच्या कानाला लावलं. "बाबा, गाडी बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मलाच बरं वाटत नाहीये."

बाबांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. भुवई, डोळे, ओठ. मग इंजिनाकडे बघितलं, जिथे आता फिरवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि पुन्हा तिच्याकडे.

"मग ते कुठून फिरवायचं?" त्यांनी विचारलं.

चिमणीला हसू आलं. ते खरं आहे की नाही, हे बघायला बाबा आणखी जवळ आले.